सात बियांची अमानत : हजरत बाबा बुडन

रमजानच्या महिन्यात रात्र मोठी होते. इफ्तारनंतर इशाची नमाज, मग तरावीह, थोडीशी झोप आणि पहाटे सहरी. या जागरणात अनेक घरांत चहा-कॉफीचे भांडे गॅसवरून उतरत नाही. कॉफीचा आणि इबादतीसाठी केलेल्या जागरणाचा संबंध पाचशे वर्षांहून जुना आहे. आपल्या देशाच्या मातीत कॉफी ज्यांनी रुजवली असे मानले जाते, तेही रात्र जागवणारे एक फकीर होते. त्यांचे नाव हजरत बाबा बुडन.

मोठमोठ्या बादशहांची चरित्रे दरबारी लेखकांनी लिहून ठेवली. फकिरांचे चरित्र लोक तोंडी जपतात. बाबा बुडन यांचेही तसेच आहे. त्यांच्या आयुष्यातल्या ज्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात, त्या थोड्याच आहेत. पण त्यांनी लावलेल्या झाडाचा इतिहास मात्र जहाजांच्या नोंदींत, कायद्यांत आणि मजुरांच्या हिशेबांत सापडतो. म्हणून त्यांचे चरित्र सांगायचे तर त्या झाडाचेही सांगावे लागते.

येमेनच्या खानकाहमधील पेय

कॉफीचे मूळ झाड इथिओपियाच्या डोंगरी जंगलातले. मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारे, फार उंच न होणारे. तिथून तांबडा समुद्र ओलांडून ते येमेनला पोहोचले. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या जिक्रच्या वेळी, म्हणजे अल्लाहच्या नामस्मरणाच्या वेळी, झोप येऊ नये म्हणून तिचा काढा पिऊ लागले. अरबीत त्याला कहवा म्हणतात. हाच शब्द तुर्कस्तान आणि युरोप फिरून कॉफी होऊन आपल्याकडे परत आला.

हे नवे पेय सर्वांना लगेच पटले असे नाही. १५११ साली मक्केत तिथला अंमलदार खैर बेग याने उलेमांची सभा बोलावून कॉफीवर बंदी घातली. माणसे एकत्र बसतात, गप्पा मारतात, हेही त्याला खटकत होते. कैरोच्या सुलतानाने ही सरसकट बंदी मान्य केली नाही. थोड्याच काळात मक्का, कैरो, इस्तंबूल अशा शहरांत कहवाखाने उघडले. येमेनचे मोखा बंदर कॉफीच्या व्यापाराचे केंद्र झाले. जगाला लागणारी कॉफी या एकाच मुलखातून जाऊ लागली.

आपल्याकडेही कॉफी पिणारे लोक होते. जहांगीरच्या काळात हिंदुस्थानात आलेला इंग्रज पाद्री एडवर्ड टेरी याने तसे लिहून ठेवले आहे. पण ती सगळी बाहेरून आलेली. झाड मात्र इथे नव्हते. येमेनच्या व्यापाऱ्यांना ते बाहेर जाऊ द्यायचे नव्हते. बी पेरले तरी उगवू नये म्हणून दाणे उकळून किंवा भाजूनच बंदराबाहेर सोडले जात, असे सांगतात.

हजहून परतताना

बाबा बुडन हजला गेले ते सतराव्या शतकात. साल बहुतेक ठिकाणी १६७० असे दिले जाते. त्या काळी हज म्हणजे वर्षभराचा प्रवास. वाऱ्यांच्या दिशेवर गलबते चालत. मोसमी वारे फिरले की परतीची वाट मोकळी होई. कितीतरी यात्रेकरू वाटेतच दगावत. घरातून निघताना माणूस कर्ज फेडून, माफी मागून, निरोप घेऊन निघे.

परतताना ते येमेनमध्ये थांबले. तिथून त्यांनी कॉफीच्या सात बिया सोबत घेतल्या. कुणी म्हणतात त्या दाढीत लपवल्या, कुणी म्हणतात कमरेच्या कपड्यात बांधल्या. सातच का, यालाही परंपरेत उत्तर आहे. काबागृहाभोवती सात प्रदक्षिणा, सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात फेऱ्या. नुकत्याच हजहून निघालेल्या माणसाच्या मनात हा आकडा ताजा असणार.

शेती करणाऱ्या वाचकाला यातली अडचण लगेच कळेल. कॉफीचे बी गव्हा-भातासारखे वर्षभर कणगीत टिकत नाही. काही महिन्यांतच त्याची उगवण्याची ताकद ओसरते. म्हणजे ते ताजे हवे, भाजलेले नको, समुद्राच्या खाऱ्या दमट हवेतून नीट यायला हवे आणि वेळेत मातीत पडायला हवे. सात बियांत सातही उगवतील याची खात्री कुणी देत नाही.

ही चोरी नव्हती का, असा प्रश्न मुलेही विचारतात. प्रश्न योग्य आहे, कारण हजहून परतणाऱ्या माणसाकडून तर जास्तच सचोटीची अपेक्षा असते. पण इथे कुणाचे झाड तोडले गेले नाही आणि कुणाचे पोते रिकामे झाले नाही. मोडली ती मक्तेदारी. बी ही जमिनीतून येणारी गोष्ट आहे, ती कुलूपबंद ठेवण्याचा हक्क कुणाला आहे का, हा वाद आजही बियाण्यांच्या कंपन्या आणि शेतकरी यांच्यात चालू आहे. बाबांच्या बाजूने एवढे म्हणता येते, की त्यांच्या नावाने ना पेढी सांगितली जाते ना मळा. सांगितली जाते ती डोंगरातली एक गुहा आणि तिच्याभोवती लावलेली झाडे.

दत्ताचा आणि बाबांचा डोंगर

ती गुहा आहे कर्नाटकात, चिकमगळूरच्या उत्तरेला, चंद्रद्रोण नावाच्या डोंगररांगेत. घोड्याच्या नालासारखी वळलेली ही रांग आहे. कर्नाटकातले सर्वांत उंच शिखर मुळ्ळय्यनगिरी याच रांगेत, उंची सुमारे १,९३० मीटर. शेजारच्या शिखराला आज बाबा बुडनगिरी म्हणतात. इथल्या गार हवेत, धुक्यात आणि झाडांच्या ओल्या सावलीत येमेनचे ते बी रुजले.

मराठी वाचकाला या डोंगराची दुसरी ओळख जास्त जवळची वाटेल. ही गुहा दत्तात्रेयांचे स्थान मानली जाते. दत्त इथे गुप्त झाले आणि पुन्हा प्रकट होतील, अशी हिंदू भाविकांची श्रद्धा आहे. मुस्लिम परंपरेत हीच जागा दादा हयात मीर कलंदर या अवलियाची. बाबा बुडन त्यांचेच शिष्य, असे काही मानतात. दोघे एकच, असेही काही मानतात. अशा श्रद्धा एकाच गुहेत शेकडो वर्षे शेजारी राहिल्या. दत्ताच्या पादुका आणि सूफींच्या कबरी, मार्गशीर्षातली दत्तजयंती आणि बाबांचा उरूस, दोन्ही तिथलेच.

आपल्याकडे हे नवल नाही. एकनाथांच्या चरित्रात दत्त मलंगाच्या, म्हणजे मुसलमान फकिराच्या वेषात भेटतात. कल्याणजवळच्या हाजीमलंगच्या डोंगरावर दोन्ही समाजांची माणसे पायऱ्या चढून जातात. चंद्रद्रोणच्या गुहेच्या व्यवस्थेवरून गेली काही दशके वाद आणि कोर्टकचेरी चालू आहे. निकाल न्यायालये देतील. पण डोंगर उतरताना दोन्ही बाजूंना कॉफीचे मळे लागतात आणि त्या झाडांची फळे तोडणाऱ्या हातांत सगळ्या जातिधर्मांचे हात असतात, हे कुणालाही दिसते.

बाबा याच डोंगरात राहिले. त्यांच्यामागे ते झाड परसदारी आणि आश्रमाच्या आसपास वाढत राहिले. चिकमगळूरच्या लोकांनी डोंगराला त्यांचे नाव दिले. ही त्यांची कमाई.

झाडाचा पुढचा प्रवास

फकिराने आणलेले झाड पुढे व्यापाऱ्यांच्या हाती गेले. सतराव्या शतकाच्या अखेरीस डचांनी मलबार किनाऱ्यावरून कॉफीची रोपे जावा बेटावर नेली. पहिली खेप १६९६ सालची, ती टिकली नाही. १६९९ मध्ये पुन्हा नेली, ती जगली. जावाहून एक रोप ॲमस्टरडॅमच्या बागेत गेले, तिथून पॅरिसला आणि पुढे अमेरिका खंडात. आज ब्राझीलपासून कोलंबियापर्यंत उभ्या असलेल्या कॉफीच्या मोठ्या घराण्याचा धागा असा हिंदुस्थानच्या किनाऱ्यातून जातो.

पण बी गेले तिथे फकिराची वृत्ती गेली नाही. जावात डच सरकारने १८३० पासून सक्तीची लागवड सुरू केली. शेतकऱ्याने आपल्या भाताच्या जमिनीचा आणि श्रमाचा वाटा सरकारला हव्या त्या पिकासाठी द्यायचा, भाव सरकार ठरवणार. घरात भात नाही आणि गोदामात कॉफी भरलेली, अशी स्थिती झाली. एडुआर्ड डाउवेस डेकर या डच अधिकाऱ्याने नोकरी सोडून १८६० मध्ये ‘मॅक्स हावेलार’ ही कादंबरी लिहिली आणि हॉलंडमधल्या कॉफी पिणाऱ्यांना तिची खरी किंमत दाखवली. १९८८ मध्ये हॉलंडमध्येच याच नावाने एक शिक्का सुरू झाला. मेक्सिकोतल्या आदिवासी छोट्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची कॉफी ठरलेल्या किमान भावाने घ्यायची, ही त्याची अट. आज ज्याला न्याय्य व्यापार म्हणतात, त्याच्या शिक्क्यांची सुरुवात ती.

आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात इंग्रज मळेवाले आले. १८४० च्या सुमारास बाबा बुडनगिरीच्या दक्षिणेला टॉमस कॅननने मोठा मळा उभा केला. मग जंगल साफ होऊ लागले आणि मजूर लागू लागले. मुकादम, तिकडच्या भाषेत मेस्त्री, गावोगाव जाऊन आगाऊ रक्कम वाटत आणि माणसे घाटावर आणत. ती उचल फिटेपर्यंत माणूस बांधलेला. १८५९ च्या एका कायद्याने उचल घेऊन काम सोडणाऱ्याला तुरुंगात टाकता येत असे. तो कायदा रद्द व्हायला १९२५ साल उजाडले.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मळे कामगार कायदा झाला. मजुराला घर, पाणी, दवाखाना, मुलांसाठी पाळणाघर आणि शाळेची सोय, हे मळेवाल्याचे कर्तव्य ठरले. त्या लाइनीतल्या खोल्यांची अवस्था सगळीकडे सारखी नाही. आता तोडणीच्या हंगामात आसाम, झारखंडसारख्या दूरच्या राज्यांतून माणसे येतात. त्यांच्यापर्यंत या सोयी पुरत्या पोहोचतात का, हा आजचा प्रश्न आहे.

सावलीची शेती

भारतातली कॉफी जगातल्या बऱ्याच कॉफीपेक्षा एका बाबतीत वेगळी आहे. ब्राझीलमध्ये मैलोन्‌मैल उघड्या उन्हात कॉफी उभी असते. इथे ती सावलीत वाढते. खाली कॉफी, तिच्यावर पांगाऱ्यासारख्या झाडांची हलकी सावली आणि त्याच्याही वर फणस, उंबर, शिसव अशी उंच झाडे. खोडांवर मिरीचे वेल चढवलेले. पालापाचोळा जमिनीवर पडतो, ओल धरून ठेवतो, खत होतो. पावसाने माती वाहत नाही. पक्ष्यांना घर मिळते.

ही केवळ हौस नव्हे. कॉफीच्या झाडाला पोखरणारा पांढरा खोडकिडा उन्हात तापलेल्या खोडाच्या भेगांत अंडी घालतो. सावली दाट असेल तर त्याचा उपद्रव कमी राहतो. तांबेऱ्याचा अनुभव तर याहून मोठा. १८६९ मध्ये श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, कॉफीवर तांबेरा आला. एकाच पिकाने भरलेले डोंगर वीस वर्षांत ओस पडले आणि तिथे चहा लागला. आपल्याकडेही तांबेरा आला, नुकसान झाले. पण मळेवाले आणि संशोधक नव्या जाती शोधत राहिले. चिकमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरला १९२५ मध्ये संशोधन केंद्र निघाले. तिथून आलेली एस. ७९५ ही जात आजही मळ्यांत दिसते.

मिश्र शेतीचा दुसरा लाभ पैशाचा. या शतकाच्या सुरुवातीला जगात कॉफीचे भाव कोसळले. ज्याच्याकडे नुसती कॉफी होती तो बुडाला. ज्याच्याकडे मिरी, फणस, सुपारी होती तो कसाबसा तगला. भारतातले बहुतेक कॉफी उत्पादक छोटे आहेत, दहा हेक्टरच्या आतले. त्यांना हा आधार फार मोठा.

यातही लोभ शिरतोच. देशी झाडे पाडून लवकर वाढणारा, लाकडाला भाव देणारा ऑस्ट्रेलियाचा सिल्व्हर ओक सर्रास लावला गेला. मळा हिरवा दिसतो, पण पक्ष्यांना फळ मिळत नाही. २०१९ मध्ये बाबा बुडनगिरीच्या अरेबिका कॉफीला भौगोलिक मानांकन मिळाले. फकिराचे नाव आता कायद्याने पाकिटावर आले. त्या नावाला साजेशी शेती आणि साजेशी मजुरी पाकिटाच्या आत आहे का, हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

शेणव्याच्या वाटेवर

महाराष्ट्रात कॉफी म्हटले की विदर्भातले चिखलदरा आठवते. मेळघाटाच्या उंचीवर इंग्रजांच्या काळापासून तिथे कॉफीची झाडे आहेत. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात, शेणव्यासारख्या गावांत ती लावा, असे मात्र कुणी सांगू नये. अरेबिकाला साधारण हजार मीटरची उंची आणि गारवा लागतो. आपल्याकडे पावसाळ्यानंतर सात-आठ महिने कोरडे जातात. बाबांनीही मोखाचे बी मिळेल त्या रानात टाकले नाही. त्याला मानवेल असा डोंगर त्याला मिळाला.

पण माहुलीचा डोंगर आणि चंद्रद्रोणची रांग, दोन्ही सह्याद्रीचीच. प्रश्नही तेच आहेत. तानसा, भातसा, वैतरणेचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. भात झोडून झाले की कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर निघतात. मेस्त्रीची ती जुनी उचल इथे नाव बदलून अजून जिवंत आहे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने गुन्हा ठरली, तरी हिशेब न कळणाऱ्याचे कर्ज पावसाळ्यापर्यंत फिटत नाही. मुलांची शाळा तेवढे महिने सुटते ती सुटतेच.

वाट नाही असे नाही. आंध्रातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी कुटुंबे स्वतःच्या छोट्या तुकड्यावर झाडांच्या सावलीत कॉफी आणि मिरी घेतात. त्यांच्या कॉफीलाही २०१९ मध्येच मानांकन मिळाले. आणि इतक्या दूर कशाला जायचे? आपल्या शहापूर तालुक्यातच कातकरी तरुणांनी रानातली गुळवेल गोळा करून, सुकवून औषध कंपन्यांना विकण्याचे काम उभे केले. वनधन योजनेतून त्यांना मोठ्या मागण्या मिळाल्या. गावात राहून, रान राखून घर चालवता येते, याचा तो दाखला आहे. मोह, हिरडा, आंबा, काजू, करवंद ही इथल्या मातीची झाडे. आपला कॉफीचा मळा तो हाच.

पिकातला वाटा

रमजानमध्ये जकातचा हिशेब होतो. सोने-नाणे आणि शिलकीवर चाळिसावा हिस्सा द्यायचा, हे बहुतेकांना माहीत असते. शेतीच्या उत्पन्नाचा नियम वेगळा आहे. त्याला उश्र म्हणतात. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, कष्टाने पाणी देऊन आणलेल्या पिकाचा विसावा हिस्सा गरिबांचा. जिथे आभाळाने जास्त दिले तिथे देणे जास्त, जिथे माणसाचे कष्ट जास्त तिथे देणे कमी. आणि हे द्यायचे ते पीक निघाले की लगेच, वर्ष भरण्याची वाट न पाहता.

पण दान हे मजुरीच्या जागी चालत नाही. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही पैगंबरांची शिकवण प्रसिद्ध आहे. मजुरी थकवून नंतर इफ्तारची पंगत घातली तर ते देणे फिटत नाही. कुणी झाड लावले आणि त्याचे फळ माणसाने, पक्ष्याने वा जनावराने खाल्ले, तर लावणाऱ्याला ते दानाइतकेच पुण्य, अशीही शिकवण आहे. बाबा बुडन यांच्या चरित्रातून पुढे आलेले सगळे या दोन शिकवणींत बसते. सात बिया त्यांच्याकडे अमानत होत्या. त्यांनी त्या मातीला दिल्या आणि बाजूला झाले.

आज तरावीहनंतर कॉफी घेताना पाकीट एकदा उलटून पाहावे. कुठल्या डोंगराची आहे, सावलीत वाढवलेली आहे का, शेतकऱ्याचा वाटा किती, हे दुकानदाराला विचारावे. गाळा बांधायला विटा मागवल्या असतील तर त्या पाडणाऱ्यांच्या मुलांची शाळा कुठे आहे, हेही भट्टीवाल्याला विचारावे. आणि पाऊस पडला की बांधावर एक उंबर किंवा फणस लावावा. त्याची फळे आपण नाही खाल्ली तरी पाखरे खातील.